हवाईचा समुद्र, डायव्हिंग आणि किनाऱ्यावरचं जगणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवाईला यायचं ठरलं की पुण्या-मुंबईतले नातेवाईक आणि अमेरिकेतली मराठी मित्रमंडळी आधी माशांविषयी विचारतात, मग हॉटेलांविषयी. इथल्या माणसांविषयी फार थोडे जण विचारतात. मला ते खटकतं. इथला समुद्र आजही जिवंत आहे, यात शेकडो वर्षं तो राखणाऱ्या लोकांचा मोठा हात आहे. म्हणून या पानावर डायव्हिंगची आणि किनाऱ्यावरच्या रीतिभातींची उत्तरं एकत्रच दिली आहेत.

पहिल्यांदाच येतोय. समुद्रासाठी कोणतं बेट निवडावं?

डायव्हिंग हाच मुख्य हेतू असेल तर हवाई बेट, म्हणजे बिग आयलंड, आणि त्यातही पश्चिमेचा कोना किनारा. मौना लोआ आणि हुआलालाई हे ज्वालामुखी वारा अडवतात, त्यामुळे या बाजूचं पाणी बहुतेक दिवस शांत आणि नितळ असतं. तीस मीटरपर्यंत दिसणं इथे नवलाचं नाही. व्हेल पाहायचे असतील तर हिवाळ्यात माउई. घरात लहान मुलं, आजी-आजोबा असतील आणि एकाच जागी राहायचं असेल तर ओआहू. कवाई फार सुंदर आहे, पण हिवाळ्यात त्याचा उत्तर किनारा पाण्यात उतरण्याजोगा राहत नाही.

भारतातून थेट विमान नाही आणि अमेरिकेचा व्हिसा लागतो. हवाईचं घड्याळ आपल्या साडेपंधरा तास मागे असतं, तेव्हा घरी फोन करताना तारीखही तपासा.

मला पोहता येत नाही. तरी काही पाहता येईल का?

येईल, आणि भरपूर. ओहोटीच्या वेळी लाव्हाच्या खडकांतल्या डबक्यांपाशी तासभर बसा. खेकडे, समुद्री काकड्या, काळे अर्चिन, खडकावरून उड्या मारणारे छोटे मासे, सगळं गुडघाभर पाण्यात दिसतं. होनोलुलूत वायकिकीच्या टोकाला असलेलं जुनं मत्स्यालयही छान आहे. मात्र पोहता येत नसताना लाइफ जॅकेटच्या भरवशावर बोटीतून खोल पाण्यात उतरू नका.

स्नॉर्केलिंग तर सोपंच असतं ना?

मास्क लावून, तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली पाहायचं, त्यामुळे दिसायला सोपं असतं. हवाईत पर्यटकांचे जे बुडून मृत्यू होतात, त्यात सर्वांत जास्त स्नॉर्केलिंग करताना होतात. त्यातले कित्येक जण शांत, उथळ पाण्यात, कसलाही आरडाओरडा न करता गेले आहेत. नळीतून श्वास ओढायला नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांच्या फुप्फुसांत त्या ताणाने पाणी जमू शकतं. लांबच्या प्रवासाहून थकून आल्या आल्या पाण्यात शिरू नका. पाय टेकतील अशा जागी आधी सराव करा. धाप लागली तर नळी तोंडातून काढा, पाठीवर तरंगा, हात वर करा. जोडीदार हाताच्या अंतरावर हवा, किनाऱ्यावर पिशव्या सांभाळत बसलेला नको.

आणि लाइफगार्ड असलेलाच किनारा निवडा. ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावरचा वायमेआ उपसागर उन्हाळ्यात तळ्यासारखा शांत असतो आणि हिवाळ्यात तिथे दहा मीटरच्या लाटा येऊ शकतात. एडी आइकाऊ तिथे लाइफगार्ड होते. त्यांनी शेकडो लोकांना वाचवलं. 1978 साली होकुलेआ ही पारंपरिक होडी वादळी समुद्रात उलटली, तेव्हा सोबत्यांसाठी मदत आणायला ते सर्फबोर्डवरून एकटे लानाई बेटाकडे निघाले आणि परत आले नाहीत. इथल्या लोकांच्या मनात त्यांचं स्थान काय आहे, ते शब्दांत सांगणं अवघड आहे. पाण्यात जाऊ की नको अशी शंका आली तर जाऊ नका, हे इथले लाइफगार्ड सतत सांगतात. ते ऐका.

डायव्हिंगचा कोर्स आधी करावा की तिथे येऊन? तारकर्लीत एकदा डायव्ह केला आहे, तो चालेल का?

तारकर्ली-मालवणला पर्यटक जो पंधरा-वीस मिनिटांचा अनुभव घेतात, त्यात प्रशिक्षक तुम्हाला धरून असतो. तो अनुभव उत्तमच, पण त्याने प्रमाणपत्र मिळत नाही. हवाईतही प्रशिक्षकाबरोबरचा परिचयाचा डायव्ह मिळतो, साधारण बारा मीटरपर्यंत. अठरा मीटरपर्यंत जायचं असेल तर ओपन वॉटरचा कोर्स हवा. दहा वर्षांवरच्या मुलांनाही तो करता येतो. माझा सल्ला असा की पुस्तकी भाग आणि तलावातला सराव घरीच संपवा आणि समुद्रातले डायव्ह इथे येऊन करा. सुट्टीचे दिवस वर्गात जात नाहीत. आरोग्याचा फॉर्म खरा भरा. दमा लपवणारे लोक मी पाहिले आहेत. तो जिवाशी खेळ आहे.

मँटा रेचा रात्रीचा डायव्ह खरंच इतका चांगला असतो?

एकच डायव्ह करायचा असेल तर हा करा.

1970 च्या दशकात कोनाजवळ केआउहौच्या एका हॉटेलने समुद्रावर प्रखर दिवे सोडले. दिव्यांपाशी प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, जमले आणि प्लवकांमागोमाग मँटा, म्हणजे पाकटाच्या जातीचे भलेमोठे चपटे मासे, आले. आज केआउहौपाशी आणि विमानतळाजवळच्या खाडीत रोज संध्याकाळी बोटी जमतात. डायव्हर दहा-बारा मीटरवर तळाशी बसून दिवे वर रोखतात. स्नॉर्केल करणारे वर तरंगत्या फळीला धरून असतात आणि फळीतले दिवे खाली पडतात. मधल्या उजेडाच्या खांबात तीन-चार मीटर रुंदीचे मँटा तोंड उघडून कोलांट्या घेतात. तुमच्या मास्कपासून वीतभर अंतरावरून ते पोट दाखवत जातात.

मँटाला नांगी नसते. तो चावत नाही, तो फक्त प्लवक गाळून खातो. पोटावरच्या काळ्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे कोनाच्या मँटांना नावं देऊन त्यांची नोंद ठेवलेली आहे. बिग बर्था नावाची भलीमोठी मादी त्यात प्रसिद्ध आहे. 2009 पासून हवाईत मँटाला मारणं किंवा पकडणं गुन्हा आहे.

हात लावायचा नाही. त्यांच्या अंगावर चिकट थर असतो, तोच त्यांना जंतूंपासून वाचवतो. तो पुसला गेला की जखमा होतात. बोटींची गर्दी आता फार झाली आहे हेही सांगायला हवं. जी बोट कमी माणसं नेते, पाण्यात उतरण्याआधी नीट समजावून सांगते आणि पाण्यात शिस्त पाळते, तिला चार पैसे जास्त द्या.

डायव्ह केल्यावर मौना केआ पर्वतावर सूर्यास्त पाहायला जाऊ का?

नाही. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि म्हणूनच तो इथे मुद्दाम घेतला आहे. डायव्हिंगमध्ये शरीरात नायट्रोजन विरघळतो. हवेचा दाब एकदम कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. त्यासाठीच एका डायव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डायव्हनंतर 18 तास विमानात बसत नाहीत. हवाईत समुद्र आणि पर्वत यांच्यात गाडीने दोन तासांचंही अंतर नाही. मौना केआ 4,207 मीटर उंच आहे, माउईवरचा हालेआकाला 3,055 मीटर. कोनाहून हिलोला जाणारा मधला रस्तासुद्धा दोन हजार मीटरवर चढतो, तेव्हा डायव्हच्या दिवशी किनाऱ्याचा लांबचा रस्ता घ्या. पर्वत आधी, समुद्र नंतर, मग एक दिवस वाळूवर, आणि त्यानंतर विमान.

कासव वाळूवर आलंय, अंडी घालतंय का? जवळ जाऊन पाहू?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचं कासव ज्यांनी पाहिलं आहे त्यांचा हा समज साहजिक आहे. तिथे ऑलिव्ह रिडले मादी अंडी घालायला येते. हवाईचं होनू, म्हणजे हिरवं कासव, बहुतेक वेळा नुसतं ऊन खायला आणि विश्रांतीला वाळूवर येतं. नरसुद्धा येतात. समुद्री कासवांनी असं किनाऱ्यावर पहुडणं जगात फार थोड्या ठिकाणी दिसतं. अंडी घालायला यातली बहुतेक कासवं शेकडो किलोमीटर पोहत वायव्येच्या लालो प्रवाळद्वीपावर जातात. तिथलं ईस्ट आयलंड हे विणीचं मुख्य बेट 2018 च्या वालाका चक्रीवादळात जवळजवळ वाहून गेलं. किनाऱ्यावर डुलकी घेणाऱ्या होनूच्या वाट्याला आधीच किती संकटं आहेत, ते यावरून कळावं.

1978 पासून त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. तीन मीटर लांब राहा. पाण्यात कासव तुमच्याकडे आलं तर तुम्ही स्थिर राहा, त्याला वाट द्या.

व्हेल, डॉल्फिन आणि सील कधी आणि किती जवळून पाहता येतात?

हंपबॅक व्हेलला इथे कोहोला म्हणतात. अलास्काच्या गार पाण्यात चरून ते हिवाळ्यात वीण आणि पिल्लांसाठी हवाईला येतात. नोव्हेंबर ते मे हा हंगाम, त्यातही जानेवारी ते मार्च सर्वांत चांगला. माउई आणि लानाई यांच्यामधल्या पाण्यात तर किनाऱ्यावरूनही कारंजी दिसतात. या दिवसांत डायव्ह कराल तर व्हेल दिसला नाही तरी नराचं गाणं ऐकू येतं, आणि ते छातीत जाणवतं. त्यांच्यापासून सुमारे नव्वद मीटर दूर राहायचं.

स्पिनर डॉल्फिन रात्रभर खोल समुद्रात शिकार करतात आणि दिवसा उथळ खाडीत झोप काढतात. त्यांच्याबरोबर पोहण्याच्या सहली पूर्वी जोरात चालत. 2021 पासून किनाऱ्याजवळच्या पाण्यात त्यांच्या 45 मीटरच्या आत जायला बंदी आहे. अजूनही कोणी ‘डॉल्फिनबरोबर पोहा’ म्हणत असेल तर त्याला नकार द्या.

हवाईयन मंक सील साऱ्या जगात सोळाशेच्या आसपास उरले आहेत आणि ते फक्त हवाईतच राहतात. वाळूवर झोपलेला दिसला तर पंधरा मीटर लांब राहा. पिल्लू बरोबर असेल तर पंचेचाळीस. आई फार आक्रमक असते.

कोणते मासे ओळखायला शिकू?

हवाई कुठल्याही मोठ्या भूभागापासून फार दूर आहे. त्यामुळे इथल्या प्रवाळखडकांवरच्या माशांपैकी साधारण पाव जाती जगात दुसरीकडे सापडत नाहीत. सुरुवात राज्याच्या माशापासून करा: हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ. मुलांना हे नाव दोन दिवसांत पाठ होतं. मग पिवळाधमक यलो टँग आणि उहू, म्हणजे पॅरटफिश. उहू दगडावरचं शेवाळ खरवडताना प्रवाळाचा चुरा गिळतो आणि तो वाळू होऊन बाहेर पडतो. पाण्याखाली कुरकुर असा आवाज आला की जवळपास उहू आहे असं समजा.

निळ्या रेघांचा पिवळा तापे हा मासाही थव्याने दिसेल. तो मूळचा इथला नाही. 1950 च्या दशकात मासेमारीसाठी बाहेरून आणून सोडला आणि तो सगळीकडे पसरला.

सनस्क्रीनवर खरंच बंदी आहे?

ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर 1 जानेवारी 2021 पासून राज्यभर बंदी आहे. माउईत त्याहून कडक नियम आहे, तिथे फक्त खनिज सनस्क्रीन चालतं. घरून आणलेल्या बाटलीवर झिंक ऑक्साइड लिहिलेलं पाहा. त्याहून चांगला उपाय म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट.

इथले लोक समुद्राची काळजी पूर्वीपासून कशी घेत आले?

बेटाचे उभे तुकडे पाडलेले असत, डोंगरमाथ्यापासून प्रवाळखडकापर्यंत. या तुकड्याला आहुपुआआ म्हणतात. वरच्या झऱ्याचं पाणी अळूच्या खाचरांतून जाई, तिथून मत्स्यतळ्यात आणि मग समुद्रात. वर कोणी पाणी नासवलं तर खालच्याचे मासे जात, त्यामुळे डोंगरातल्या माणसावरही समुद्राची जबाबदारी असे. या जबाबदारीला कुलेआना म्हणतात आणि तो शब्द आजही ग्रामसभेत, शाळेत, बोटीवर रोज कानावर पडतो.

मासेमारीला कापू होते, म्हणजे निर्बंध. आकू आणि ओपेलू या दोन माशांचे हंगाम आलटून पालटून असत. एक पकडायचा काळ आला की दुसऱ्याला हात लावायचा नाही. आपल्याकडच्या पावसाळी मासेमारी बंदीमागे हाच विचार आहे. चांद्रमासातल्या तीसही रात्रींना स्वतंत्र नावं होती. कोणत्या रात्री जाळं टाकायचं आणि कोणत्या रात्री समुद्राला विश्रांती द्यायची, ते त्यावरून ठरे. तिथी पाळणाऱ्या माणसाला हे चटकन उमजेल. हुकिलाऊ ही सामूहिक मासेमारी तर आपल्या रापणीची बहीणच: सगळं गाव दोर ओढतं आणि सगळ्यांचा वाटा निघतो.

लोको इआ, म्हणजे मत्स्यतळी, ही मला यातली सर्वांत थोर गोष्ट वाटते. किनाऱ्याला लागून दगडी भिंत घालायची आणि तिच्यात जाळीचं दार ठेवायचं. चिमुकले मासे जाळीतून आत येतात, शेवाळ खाऊन मोठे होतात आणि मग त्यांना बाहेर पडता येत नाही. ओआहूवरच्या हेएइआ तळ्याची भिंत सुमारे दोन किलोमीटर लांब आहे आणि ती काही शतकं जुनी आहे. 1965 च्या पुराने ती फुटली. नंतर तिला तिवरांनी वेढलं. महाराष्ट्रात तिवर तोडणं गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. हवाईत मात्र ही झाडं 1902 मध्ये बाहेरून आणली गेली आणि त्यांनी जुनी तळी गिळली. 2001 पासून स्थानिक तरुणांची संस्था ती झाडं उपटते आहे, दगडावर दगड रचते आहे. ठराविक शनिवारी कोणीही जाऊन हातभार लावू शकतं. तुमच्या सहलीतली एक सकाळ तिथे चिखलात घालवा. मुलांना न्याच.

ही परंपरा आज कायद्यात कुठे दिसते का?

दिसते. कवाईवरच्या हाएना गावाने स्वतः नियम लिहिले आणि 2015 साली राज्याने ते मान्य केले. पोटापुरते मासे धरता येतात, विक्रीसाठी नाही. कोनाजवळच्या काऊपूलेहूच्या लोकांनी 2016 मध्ये आपल्याच किनाऱ्यावरची मासेमारी दहा वर्षांसाठी थांबवून घेतली. आपल्या ताटातलं काढून त्यांनी प्रवाळखडकाला विश्रांती दिली. आदल्याच वर्षी, 2015 मध्ये, पाणी तापून पश्चिम हवाईचं जवळपास निम्मं प्रवाळ गेलं होतं.

पाण्याखाली पांढरे सांगाडे दिसतील, त्यांच्यावर पाय ठेवू नका. शेजारीच नवे अंकुर धरत असतात. हवाईचं कुमुलिपो हे दोन हजारांहून अधिक ओळींचं सृष्टीस्तोत्र आहे. त्यात जन्मलेला पहिला जीव प्रवाळ आहे, माणूस फार नंतर येतो.

किनाऱ्यावर काय खावं? शाकाहारी माणसाचं काय?

पोके खा, पण किराणा दुकानातल्या काउंटरवरचं. कच्च्या माशाचे तुकडे, मीठ, लिमू म्हणजे समुद्री शेवाळ, आणि भाजून कुटलेली कुकुई बी. लिमूची खरी जाणकारी पूर्वापार बायकांकडे आहे. ओपिही हे खडकाला चिकटलेलं शंखजातीचं प्राणी हातात आलं तर आदराने खा. लाटांच्या तडाख्यात ते खरवडताना दरवर्षी माणसं जायबंदी होतात, काही जातातही. विकत घेण्यापेक्षा कोणाच्या घरच्या समारंभात ते पानात पडावं, यातच त्याची खरी चव.

शाकाहाऱ्यांनो, इथलं मुख्य अन्न तुमचंच आहे: अळू. हवाईत त्याला कालो म्हणतात. कंद उकडून, कुटून केलेलं पोई पहिल्या घासाला बेचव लागेल. तरी दोन-तीन दिवस खाऊन पाहा, आंबूस झालेलं तर नक्की. पानं आपल्यासारखीच भरपूर शिजवतात, नाहीतर घसा खाजतो. कालो हा माणसाचा थोरला भाऊ मानला जातो, त्यामुळे पोईचं भांडं मध्ये असताना भांडू नये अशी रीत आहे.

लुआऊचा कार्यक्रम पाहिला म्हणजे संस्कृती पाहिली का?

तो जेवणासह करमणुकीचा कार्यक्रम आहे. मजा करा. हुला, म्हणजे इथला पारंपरिक नाच, मनापासून पाहायचा असेल तर ईस्टरनंतरच्या आठवड्यात हिलोला मेरी मोनार्क महोत्सवासाठी या. तो 1960 च्या दशकात सुरू झाला. नाहीतर रविवारी दुपारी कुठल्याही सार्वजनिक किनाऱ्यावर जा. तंबू, तीन पिढ्या, युकुलेले, बर्फाच्या पेट्या, पाण्यात लोळणारी पोरं. हेच इथलं रोजचं जगणं आहे.

किनाऱ्यावर कसं वागावं?

सगळे किनारे सार्वजनिक आहेत, मोठ्या हॉटेलांसमोरचेसुद्धा. वाटेची पाटी लहान असते, ती शोधा. गळ टाकलेल्याच्या दोरीपलीकडून वळसा घालून जा. मासेमारीला निघालेल्याला ‘मासे धरायला चाललात का’ असं विचारू नये, अपशकुन मानतात. बोटीवर केळी नेऊ नका, त्याचंही तेच. दगडांवर दगड रचून फोटो काढू नका. किनाऱ्यावरची जुनी दगडांची रास ही कोळ्यांनी पहिला मासा अर्पण करण्याची जागा असू शकते. कोणाच्या घरी गेलात तर चप्पल बाहेर, हे तुम्हाला सांगायला नको.

जेलीफिश आणि शार्कची भीती वाटते.

बॉक्स जेलीफिश ओआहूच्या वायकिकी बाजूला पौर्णिमेनंतर आठ ते दहा दिवसांनी येतात, म्हणजे वद्य अष्टमी ते दशमीच्या सुमाराला. कालनिर्णय सोबत असेल तर उत्तमच. डंख झाला तर व्हिनेगर ओता, मग गरम पाण्याचा शेक.

शार्कचे हल्ले फार क्वचित होतात. पावसानंतर गढूळ पाण्यात आणि नदीच्या मुखाशी पोहू नका, पहाटे आणि तिन्हीसांजेला टाळा. कित्येक हवाई घराण्यांत शार्क हा राखणदार पूर्वज मानला जातो, तेव्हा बोटीवर त्याची टिंगल नको.

घरी काय घेऊन जाऊ?

वाळू, लाव्हाचा दगड आणि प्रवाळ नाही. वाळू आणि प्रवाळ नेणं तर बेकायदाच आहे. कवाईवरच्या हानापेपेच्या मिठागरांतलं पारंपरिक मीठ दुकानात मिळणार नाही. तिथली कुटुंबं ते विकत नाहीत, भेट देतात. कोणी दिलं तर दोन्ही हातांनी घ्या. कोनाची कॉफी न्या, स्थानिक कारागिराने विणलेली हालाच्या, म्हणजे केवड्याच्या जातीच्या झाडाच्या, पानांची वस्तू न्या. अमेरिकेच्या मुख्य भूमीकडे जाताना विमानतळावर शेतमालाची तपासणी होते. अननस आणि नारळ चालतात, इतर बरीच ताजी फळं काढून ठेवतात, म्हणून आंबे आदल्या रात्रीच खाऊन संपवा.